भाव पडेपर्यंत

नांदेड, ५ मे २०१५

प्रिय शेषेराव,
स.न.वि.वि. तारावहिनींना सलाम.

किल्लारीच्या भूकंपात वहिनींना तंबूत चढवलेलं रक्त आपण फुकट समजलो होतो. त्याची खरी किंमत आत्ता कळली: लिव्हर पोखरणारा हिपॅटायटिस-सी, आणि वीस हजाराची एक अशा गोळ्यांच्या तीन बाटल्या.

घाबरू नको. सायकलवर औषधांची खोकी वाहत मी ठोक व्यापारी झालो; ही गोळी काढणाऱ्या अमेरिकन कंपनीचा सगळा खेळ मला पाठ आहे. गोळी तिनं शोधली नाही, शोधणारी छोटी कंपनीच गिळली. अमेरिकेत एका गोळीला हजार डॉलर लावले. आपल्याकडं तेवढे देणार कोण? म्हणून इथल्या कंपन्यांना परवाने वाटले नि विक्रीवर टक्केवारी ठेवली. आता परवानेवाले आपसात भांडतील, भाव पडेल. डॉक्टर लवकर करा म्हणतील. त्यांना बाजार कळत नाही. दिवाळीपर्यंत दम धर, निम्म्यात देतो. तोवर त्या पैशात लेकीच्या, सुकन्याच्या, मेडिकलच्या क्लासची फी भर. लातुरात पोरगी डॉक्टर व्हायच्या आधी क्लासवाला बंगला बांधतो.

लोभ उधारीवर चालू ठेव.
तुझा हनीफ

लातूर, १९ ऑक्टोबर २०१५

हनीफभाई,
सा.न.वि.वि.

फी भरली. सुकन्या पहिल्या तुकडीत आहे. माझं पोट फुगून राहिलंय. हे म्हणाले, भाकरी लई खातीस. डॉक्टरांनी सुईनं पाणी काढलं नि विचारलं, एवढे दिवस कशाची वाट बघितली? हे म्हणाले, भाव पडायची.

तुमच्यावर राग नाही. तुम्ही थांबा म्हणालात, आम्ही थांबलो. भाव पडला का, तेवढं कळवा.
माया असू द्या.
तुमची तारावहिनी

नांदेड, २२ ऑक्टोबर २०१५

तारावहिनी,
सलाम.

पडला. मी म्हणालो तसाच, निम्म्यावर. हे लिहिताना शरम वाटते. मे महिन्यातही बाटल्या माझ्याच गोदामात होत्या. खिशात घालून बसनं आलो असतो तर तीन तासांचं काम होतं. दोस्ताच्या घरात मी व्यापाऱ्याची अक्कल चालवली. तिन्ही बाटल्या या पत्राबरोबर माझा पोरगा यासेर आणतोय. पैसे दिलेत तरी तो घेणार नाही, तसं त्याला बजावलंय.

लोभ ठेवा असं लिहायला आज हात धजत नाही.
हनीफ

लातूर, ३० एप्रिल २०१६

प्रिय हनीफ,
स.न.वि.वि.

गोळ्या केव्हाच संपल्या. कालच्या तपासणीत विषाणू सापडला नाही. तू दोन महिने फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितोय. ही म्हणते, ईदला शीरखुर्मा आला नाही तर मीच नांदेडला येईन.
येत जा.
शेषेराव

ता.क. विषाणू गेला, पण तोवर खराब झालेलं लिव्हर तसंच आहे. पोटातलं पाणी काल पुन्हा काढलं.