माय, मी शर्यत पुरी केली

माय, परवा रविवारी मी एका शर्यतीत उतरले. आधी पोहायचं, मग तशाच ओल्या अंगानं सायकलीवर बसायचं, आणि सायकल ठेवली की पळत सुटायचं. ट्रायथलॉन म्हणतात त्याला. माझी त्यातली छोटी होती. तू असतीस तर आधी हेच विचारलं असतंस, "आन् मागं कोण लागलंय गं?"

पोहायला निळ्या फरशीचा तलाव होता. वर्षभर मी एका सरांकडे शिकत होते. तोंड पाण्यात, श्वास बाजूनं. बरं जमत होतं. पण शिट्टी वाजली आणि आजूबाजूला नुसते हातपाय! कुणाची तरी टाच माझ्या चष्म्यावर बसली, चष्मा सुटला, नाकातोंडात पाणी गेलं. मी मधली दोरी घट्ट धरली. काठावरचा जीवरक्षक ओणवा होऊन म्हणाला, "मॅडम, डरो नक्को. निकलना है क्या बाहर?" बाहेर निघालं की शर्यत तिथंच संपणार होती. डोळे भरून आले, आणि तेव्हा मला आपली पैठणकडची विहीर दिसली. मी असेन सातआठ वर्षांची. मेंढरं धुऊन झालीत, तू लुगडं खोचून पाण्यात उतरली आहेस, माझ्या पाठीला दोन सुके भोपळे बांधलेत आणि मी भोकाड पसरलंय. तू ओरडतेस, "पाण्यात रडू नाय! तोंड उघडतं, पाणी जातं. रडायचं तर काठावर जाऊन रड!" बायका वरून हसतात. मला इतका राग येतो की मी हातपाय मारत काठ गाठते.

परवाही तसंच केलं. जीवरक्षकाला म्हटलं, "नाही निघत," आणि दोरी सोडली. मान वर काढून, विहिरीत मारायचे तसे हात मारत निघाले. सरांनी कपाळाला हात लावला असेल. पण काठ आला.

पुढं सायकल. सायकलीचं तर तुला सांगायलाच नको. विहिरीचा तळ दिसला, मेंढरं विकली आणि आपण शहरात, पुंडलिकनगरच्या दोन खोल्यांत आलो, त्या दुष्काळातली गोष्ट. माझ्या कॉलेजसाठी तू कुठून तरी जुनी लेडीज सायकल आणलीस आणि मला देण्याआधी म्हणालीस, "थांब, मी बघते कशी चालते ती." टँकरची वाट बघत सगळी गल्ली ड्रम लावून उभी होती. तू उतारावरून आलीस आणि सरळ रांगेत घुसलीस. रिकामे ड्रम गडगडत कोपऱ्यापर्यंत गेले. मी लाजेनं अर्धी झाले, आणि तू खाली बसून पोट धरून हसत होतीस. "लई पळती गं! ब्रेक कुठं असतो?"

शर्यतीचा रस्ता बायपासवरून होता. आपण आलो तेव्हा तिथं बाजरीची रानं होती. आता दोन्हीकडं उंच इमारती. त्यातल्या एका जुन्या पिवळ्या इमारतीवर तू दोन उन्हाळे घमेली वाहिलीस. तिच्या गॅलऱ्यांत कपडे वाळत होते, आणि एक बाई दात घासत आमच्याकडं बघत होती. मी तिला हात केला. तिनंही ब्रशसकट हात केला. तुला काय सांगू, एवढं बरं वाटलं.

पळणं मात्र कठीण गेलं. सायकलीवरून उतरले तर पाय माझे नव्हतेच. ऊन चढलेलं. शेवटच्या वळणावर लेक उभी होती. तू गेलीस तेव्हा रांगत होती, आता कॉलेजात जाते. मी चालायला लागलेली पाहून ती ओरडली, "आई, चालू नकोस! सगळे बघतायत!" मी म्हटलं, "बघू दे," आणि चालत राहिले. मग जरा दम आल्यावर पळाले. गळ्यात पदक पडलं. लेकीनं मिठी मारली आणि लगेच सरकली, म्हणाली, "ई, किती घाम!"

हे पत्र कुठं टाकणार? आणि टाकलं असतं तरी तुला वाचता कुठं येत होतं; मलाच वाचून दाखवावं लागलं असतं. म्हणून आत्ता स्वयंपाकघरात, कुणी नाही असं बघून, मोठ्यानं वाचलं. वाचताना लक्षात आलं, कितवी आले ते मी कुठंच लिहिलेलं नाही. ते विचारल्याशिवाय तू सोडलं नसतंस. तर सांगते. शेवटून दुसरी. माझ्या मागं एक आजोबा होते, आणि ते वाटेत चहाला थांबले होते.