काडतूस बदललेली माणसं

हेमलॉक क्रीक, मिशिगन
२१ ऑक्टोबर १९६२

ति. लेम्पीताईस धाकट्या रेइनोचा सा. न.
(साष्टांग अगदी खरा. बटाट्यांच्या गोणी उचलून पाठ धरलीय, पालथा पडूनच लिहितोय.)

पत्र लिहायचं मी ऑगस्टपासून टाळतोय, हे आधीच कबूल करतो, म्हणजे तुझं ओरडणं अर्धं होईल. विस्कॉन्सिनात चेरी तोडत होतो तेव्हा कागद नव्हता. मग जत्रेतल्या पाळण्यावर नोकरी लागली तेव्हा कागद होता पण पत्ता हरवला. त्या पाळण्याचा मालक एका डोळ्याचा होता आणि त्याच्याकडे पियानोवर बसणारी कोंबडी होती, ते कधी तरी सावकाश सांगेन. पण इथे घरी येऊनही पंधरवडा झाला, आणि आता मात्र सबब नाही. जे कळलं ते लिहायला हात उचलत नव्हता.

आई आर्विदशी लग्न करतेय. आपला शेजारी, लाकूडगिरणीतला आर्विद. एक डिसेंबरला, हरणांच्या शिकारीचा हंगाम संपला की दुसऱ्याच दिवशी. तुला हे माहीत होतं. नाही म्हणू नकोस. तू विणलेला टेबलक्लॉथ फडताळात घडी करून ठेवलेला मी पाहिलाय, आणि असा टेबलक्लॉथ तू उगाच कुणाला पाठवत नाहीस. मला का सांगितलं नाहीस?

आर्विद मला पंधरा नोव्हेंबरला, हंगाम उघडतो त्या दिवशी, जंगलात चल म्हणतोय. बाबा गेल्यापासून सात वर्षं मी बंदुकीला हात लावलेला नाही, म्हणजे बंदूकही नाही आणि कुठलं काडतूस घ्यावं ही अक्कलही नाही. गावात नुसतं विचारायचा अवकाश! काल्ले न्हाव्याने माझा कान कात्रीत धरून सांगितलं की तीनशे आठ घे, बाकी सगळा कचरा. पोस्टातला ओनी म्हणतो थर्टी-ओ-सिक्स, हरणातून जाईल, झाडातून जाईल, आणि पलीकडे शेजाऱ्याची गाय असेल तर तिचे पैसे भरायची तयारी ठेव. शिवाय काल्लेचं ऐकायचं असेल तर केसांपुरतंच ऐक, असंही म्हणाला. आई म्हणाली काडतूस कुठलंही घे, पण दणका सोसायला खांदा लागतो, तो आधी कमव.

आणि मग उर्होकाका. शनिवारी त्याच्या सौनात, वाफेच्या न्हाणीघरात, आम्ही दोघंच होतो. काकाने तापल्या दगडांवर पाणी ओतलं आणि वाफेतूनच म्हणाला की काडतुसाचं आर्विदला विचार ना. जन्मभर पस्तीसचं काडतूस वापरणारा माणूस, तुझा बाप गेला त्या वर्षापासून थर्टी-ओ-सिक्स घेऊन का हिंडतो, तेही विचार. एवढंच बोलला आणि पाठ चोळायला लागला.

ताई, तुला माहितीय, इथला माणूस चर्च बदलेल, पक्ष बदलेल, पण काडतूस बदलत नाही. ज्याने पहिलं हरीण पडलं त्यावरच म्हातारा होतो. आणि त्या शिकारीत बाबांना लागलेली गोळी पस्तीसची होती. शनिवारपासून तो माणूस आपल्या टेबलाशी बसून आईकडे कॉफी मागतो आणि मी त्याच्या हातांकडे बघत बसतो.

मी काय करू ते लवकर कळव. लोभ आहेच, या वेळी जरा अक्कलही पाठव.
तुझा रेइनो

—

डुलुथ
२७ ऑक्टोबर १९६२

चि. रेइनो यास अ. उ. आ.
(अनेक उत्तम आशीर्वाद. त्यातले निम्मे ऑगस्टपासूनच्या थकबाकीत कापून घेतले आहेत.)

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग पुन्हा वाचलं आणि हसू गेलं. तुझ्या भावोजींनी विचारलं काय झालं, तर म्हटलं काही नाही, रेइनोला कोंबडी भेटली.

लग्नाचं मला जूनमध्येच कळलं होतं. तुला कळवायला तुझा पत्ता कुठला धरायचा, पाळण्याचा की चेरीच्या झाडाचा? आणि खरं सांगू, तू काहीतरी उचापत करशील ही भीती होतीच. जो मुलगा एका ठिकाणी दोन पगार टिकत नाही, त्याला आईच्या लग्नाची एवढी काळजी कधीपासून लागली, असा संशय मलाही येतो. भांडण काढून पुन्हा पळून जायला निमित्त तर शोधत नाहीस ना?

हे लिहिलं, कारण लिहायलाच हवं होतं. पण तुझं पत्र मी एप्रनच्या खिशात घेऊन फिरतेय. बाबांना दलदलीतून खांद्यावर घालून आणलं ते आर्विदने. त्यानंतर तो अख्खा हिवाळा आपल्या दारात आला नाही, रस्त्यात दिसला तरी टोपी काढून खाली बघायचा. तेव्हा मला वाटायचं दुःख झालंय माणसाला. आता वाटतं, कशाचं?

रेइनो, हे खरं असेल तर ते लग्न मी होऊ देणार नाही. आणि खोटं असेल तर सात वर्षांनी आईच्या चेहऱ्यावर जे हसू आलंय ते तुझ्यामाझ्या संशयाने गेलं, असं मला होऊ द्यायचं नाही. तेव्हा आईसमोर एक शब्द काढू नकोस. आधी चौकशी कर, आणि काकाकडे नको. काकाने इतकी वर्षं तोंड उघडलं नाही आणि नेमकं लग्नाच्या तोंडावर उघडलं, हेही मला खटकतंय. बाबांच्या जागी दुसरं कुणी बसलेलं त्याला नको असेल, तर त्या नकोपणातूनही माणूस बोलतो.

काडतुसाचं म्हणशील तर थर्टी-थर्टी घे. तुझ्या किडमिडीत खांद्याला तेवढंच झेपेल. लोकरीचे मोजे आहेत का? असतीलच असं नाही, म्हणून दोन जोड पाठवतेय.

रागावले असले तरी माया कमी केलेली नाही, हे ध्यानात ठेव.
तुझी लेम्पी

—

हेमलॉक क्रीक
४ नोव्हेंबर १९६२

ति. ताईस सा. न. वि. वि.

मोजे मिळाले. एक जोड मी घातली, दुसरी कुत्र्याने नेली. आपला कुत्रा नव्हे, आपल्याकडे कुत्रा नाहीच. हा कुणाचा तरी आहे आणि माझ्यामागे गावभर येतो. असो.

तू सांगितलंस चौकशी कर, म्हणून मी हार्डवेअरच्या दुकानात गेलो. नाटक असं केलं की मला पस्तीसची पेटी हवी आहे. दुकानदार म्हातारा माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी उधारी मागितलीय. म्हणाला, बाबा, घेऊन टाक, सगळ्याच घेऊन टाक, माझ्या फळीवर त्या धूळ खात पडल्यात. तुझा बाप गेला त्या हिवाळ्यात आर्विदने पस्तीसची बंदूक देऊन दुसरी नेली, महिन्याने काल्लेने नेली, वसंतात ओनीने. कुणी कारण सांगितलं नाही, मी विचारलं नाही. आता पस्तीसची एकच पेटी जाते दर हंगामाला, तुझ्या काकाकडे.

म्हणजे बघ ताई! मी एकट्या आर्विदच्या मागे लागलो होतो आणि इथे तिघांनी काडतूस बदललंय. आता तिघांवरही संशय घ्यायचा का? डोकं चालेना, म्हणून तू नको म्हटलेलं तेच केलं. रागावू नकोस. घरी आलो, आई वेलचीचा पाव मळत होती, आणि मी विचारून बसलो.

आईने हात थांबवले नाहीत. म्हणाली, मला वाटलंच होतं तू हे घेऊन येणार, तुझ्या तोंडावर रविवारपासून लिहिलंय. मग सगळं सांगितलं. त्या सकाळी पाचजण होते. बाबा हरणं उठवायला हाका घालत देवदारांतून येत होते आणि बाकीचे चौघं दलदलीच्या कडेला मोक्याच्या जागा धरून होते. चौघांकडेही पस्तीसच, कारण बाबाच सगळ्यांना सांगत की दाट झाडीत जड, संथ गोळीच नीट जाते. हरीण उठलं, धुकं होतं, बार झाले. बाबांना लागलेली गोळी हाडावर आपटून अशी चेपली होती की कुणाच्या नळीतली ते शेरीफला सांगता आलं नाही. आर्विद, काल्ले आणि ओनीने बार टाकल्याचं सांगितलं. काकाने सांगितलं की त्याने टाकलाच नाही.

आणि आता ऐक. वर्षभराच्या आत ते तिघंही एकेक करून आईकडे येऊन गेले, तू डुलुथला गेल्यावर. काल्ले आला, ओनी आला, शेवटी आर्विद आला. प्रत्येकजण याच स्वयंपाकघरात उभा राहून आईला नावाने हाक मारून म्हणाला की हिल्या, ती गोळी माझी असू शकते, मला माहीत नाही. ओनी तर रडला म्हणे. आर्विदने लग्नाचं विचारायच्या आधी पुन्हा एकदा सांगितलं, की हे माझ्या नावावर कायमचं आहे, बघ आणि ठरव. आई म्हणाली, जो माणूस आपला नसेल तो गुन्हाही दारात आणून ठेवतो त्याच्याबरोबर मी राहू शकते. मग पाव ओव्हनमध्ये टाकला आणि मला म्हणाली, जा, लाकडं आण.

मी लाकडं आणायला गेलो आणि शेडमध्ये बसून राहिलो.

मला आता आर्विदकडे बघायची लाज वाटते. काल त्याच्याबरोबर खडीच्या खाणीत नेम धरायला गेलो. काल्लेने त्याच्याकडे पडून असलेली एक जुनी थर्टी-थर्टी दिलीय, फुकट, फक्त वर्षभर दुसऱ्या न्हाव्याकडे जायचं नाही या अटीवर. आर्विद शिकवताना एकच गोष्ट परत परत सांगतो, की हरणाच्या मागे काय आहे ते दिसत नसेल तर चापावरचं बोट काढ. इतक्यांदा सांगितलं की मी चिडलो, आणि मग का सांगतोय ते लक्षात आलं.

एक राहिलंच. काका परवा आला होता, फाटकापर्यंतच. आईचं लग्न ठरल्यापासून तो घरात पाऊल टाकत नाही. त्याची पस्तीस मला देऊन टाकतो म्हणाला, घरातली वस्तू घरात राहू दे. इतकी वर्षं जपलेली बंदूक आता का देतो कळेना. मी बघतो म्हटलं. घेऊ का?

कुत्रा दारात ओरडतोय, मोजा परत घेऊन आलाय बहुतेक. लोभ होता तेवढाच ठेव, वाढवलास तरी चालेल.
तुझा रेइनो

—

डुलुथ
९ नोव्हेंबर १९६२

चि. रेइनोस अ. उ. आ., या वेळी काहीही न कापता.

ती बंदूक घेऊ नकोस. आधी हे वाच आणि मग बाकीचं.

तुझं पत्र मी भावोजींना वाचून दाखवलं. ते शिकारीतले नाहीत, तरी ऐकून म्हणाले की ज्यांना माहीत नाही त्यांनी बंदुका बदलल्या, मग ज्याने नाही बदलली त्याला काय माहीत आहे? मी भांडी घासत होते, ती तशीच ठेवली.

काकाने बार टाकला नसेल तर त्याला दोष नाही, हे मला कळतं. त्याची बंदूक स्वच्छ, त्याने का बदलावी? पण रेइनो, सख्खा भाऊ ज्या गोळीने गेला ती गोळी पुढच्या वर्षी कुठला भाऊ आपल्या बंदुकीत भरेल? परक्या तिघांना ती हातात धरवेना. काकाला कशी धरवली? की धरायलाच हवी होती, टाकली असती तर लोकांनी विचारलं असतं? तिघं आईकडे येऊन गेले. दीर असून हा आला नाही. आणि आर्विदचं नाव तुझ्या कानात घातलं ते यानेच.

मला असं लिहिताना बरं वाटत नाही. मला सायकल शिकवली ती काकाने. बाबांच्या नंतर तुझी फी भरली ती काकाने, तू शाळा सोडलीस हा भाग वेगळा. रात्रभर वाटत होतं की मी एका चांगल्या माणसावर घाणेरडा संशय घेतेय. असेलही. म्हणून मी पाठीमागे बोलायचं नाही असं ठरवलं. कालच काकाला सरळ पत्र टाकलंय. आरोप एकही केला नाही. एवढंच विचारलं, की काका, तीन माणसं सात वर्षं स्वतःला खुनी समजून जगताहेत, त्यातल्या एकाशी आमची आई लग्न करतेय, आणि त्या ओझ्यासकट तो बोहल्यावर चढणार आहे. तुला काही माहीत असेल तर ते आता नाही तर कधी सांगणार?

उत्तर येईल असं वाटत नाही. हंगाम तोंडावर आलाय आणि हंगामात काकाला देवही भेटत नाही. पण तू त्याच्याबरोबर एकटा जंगलात जाऊ नकोस. वेडी म्हण, पण जाऊ नकोस.

जमेल तेवढं जपून राहा, आणि आईला माझ्याकडून मिठी मार, कारण न सांगता.
तुझी लेम्पी

—

हेमलॉक क्रीक
१५ नोव्हेंबर १९६२, सकाळ

ति. ताईस सा. न.

घाईत लिहितोय, चुकलंमाकलं तूच दुरुस्त करून घे. आर्विद बाहेर ट्रकच्या चाकांना साखळ्या लावतोय, रात्री भरपूर बर्फ पडलंय. आईने मांसाच्या करंज्या अशा बांधल्यात, जणू आम्ही अलास्काला निघालोत. मी शिकारीचा लाल कोट चढवून बसलोय. गावात आज एक पुरुष शिल्लक नाही, शाळा बंद, न्हाव्याचं दुकान बंद, पोस्टात ओनीची बायको. पहाटेपासून लांब लांब बार ऐकू येताहेत, आणि प्रत्येक बाराला आई हातातलं काम थांबवते, मग पुन्हा सुरू करते. आर्विदने ते पाहिलं आणि म्हणाला, हिल्या, आज नाही गेलो तरी हरणं रागावणार नाहीत. आई म्हणाली, जा, पण एकमेकांना दिसत राहा.

तुझं पत्र आलं त्या दिवसापासून मी काकाला टाळलं. बंदूक नको म्हणून निरोप पाठवला, त्याने उलट निरोप पाठवला नाही. मी आईला काही बोललो नाही. मिठी मारली तर म्हणाली, लेम्पीने सांगितलं ना? तिला काही लपत नाही.

थांब, फाटक वाजलं.

ताई, काका आलाय. आज, पंधरा तारखेला! लाल कोट नाही, बंदूक नाही. चर्चचा काळा सूट घालून, गुडघाभर बर्फातून चालत आलाय. इतके महिने फाटकाशी थांबणारा माणूस सरळ आत आला, टोपी काढली आणि बाबांच्या खुर्चीकडे बघून बाकावर बसला. आईने कॉफी पुढे ठेवली, त्याने हात लावला नाही. आर्विद दारात उभा होता. काका त्याच्याकडे बघून म्हणाला की तूही बस, तुझ्यासाठीच आलोय. आईने विचारलं काय झालं उर्हो, तर म्हणाला त्या सकाळचं मी एकदाच सांगू शकेन, दोनदा नाही सांगता येणार. म्हणून काल्ले आणि ओनीलाही जंगलातून बोलवा. त्यांच्या सात वर्षांचंही देणं आहे माझ्याकडे.

आर्विद तसाच भिंतीला टेकला आणि त्याचे खांदे असे खाली आले की मला वाटलं पडतो की काय. आई काकाच्या समोर जाऊन बसली. मी बघितलं तर तिने त्याचा हात धरला होता, आणि ती रडत नव्हती, तो रडत होता.

मी त्या दोघांना आणायला दलदलीत चाललोय. बंदूक न घेता. हाका मारत जाईन, म्हणजे लांबूनच ऐकू येईल की माणूस येतोय.

पुढचं तूच येऊन ऐक. लोभ सांभाळ, माझ्यापेक्षा आज तो इथल्यांना लागणार आहे.
रेइनो