हाक गेली म्हणजे येतात

प्रिय तृप्ती,

ब्रुसेल्सहून पाठवलेला तुझ्या पुढच्या महिन्यातल्या भाषणाचा मसुदा वाचला. नाटोनं पुढे कोणती वाट धरावी, हे आपल्या कोंढा गावच्या पोरीनं सांगावं आणि सेनापतींनी ऐकावं! मी मात्र उभी हयात असल्या लष्करी गटांविरुद्ध पवनी-साकोलीच्या चौकांत घसा फोडला. तू त्याच विषयात शिरलीस तेव्हा आपण किती भांडलो. तुझी आई वैतागून म्हणायची, "बाप-लेकीचं महायुद्ध होऊन राहिलं, अन् भात थंडा होऊन राहिला." आता या घरात भात मुकाट्यानं थंड होतो.

वादात तू मला एकदाच हरवलंस, आपल्या तलावाचा दाखला देऊन. तीन गावांचा एक तलाव. पाळीला, म्हणजे तलावाच्या बांधाला, भगदाड पडलं की डफडं वाजायचं आणि तिन्ही गावांतून घरटी एक माणूस फावडं, पोतं घेऊन धावायचा. जात कोणी विचारत नसे, शेत कोणाचं बुडतंय तेही नाही. तू म्हणालीस, "बाबा, नाटोचा करारही हाच आहे. एकावर आलं ते सगळ्यांवर आलं." तुझ्या भाषणाचा शेवटही त्याच दाखल्यावर आहे.

बाई गं, यंदा उन्हाळ्यात ती तीन गावं शाळेत सभेला बसली होती. खालच्या गावाला आता नहराचं, धरणाच्या कालव्याचं, पाणी आलं. त्यांचा घनश्याम उठून म्हणाला, "आमाले आता तलावाशी काय मतलब?" पलीकडचा देवाजी गरजला, "गाळ काढायले तुमी किती माणसं धाडली, ते सांगा आधी." तुझ्या सभागृहातही हेच चाललं असेल: कोण किती खर्च करतो, कोणी कोणासाठी का मरावं. मग मी उठलो आणि असा बोललो की बायाबापड्यांचे डोळे भरले. टाळ्या पडल्या. घनश्यामनंही वाजवल्या. "नाही" असं कोणीच म्हणालं नाही. जुना करार कायम, असं ठरवून सगळे चहा पिऊन गेले. मागच्या बाकावर तुझा दादा, आपला जीवन, बापाकडे छाती फुगवून पाहत होता.

भादव्यात जीवन गेला. फोनवर तुला आम्ही सांगितलं, पाय घसरला. खोटं नव्हतं ते. पुरतं खरंही नव्हतं.

सकाळी पाळ झिरपायला लागली. अश्वजितनं डफडं वाजवलं. आपल्या गावातले होते नव्हते तेवढे पाळीवर धावले. पण गावात आता म्हातारेच जास्त. पोती पुरेनात, माती टिकेना. यादोराव ओरडला, "जीवन, मांगं सर! शेत जाते त जाऊ दे!" जीवन भगदाडात पोती रचत हसला म्हणे. "येतेत ना काका. हाक गेली म्हंजे येतेत. बाबाच्या समोर शब्द देल्ला त्यायनं." पलीकडच्या गावात डफडं ऐकू गेलं होतं, पण तिथून कोणी आलं नाही, खालच्या गावातूनही नाही. देवाजी स्वतः जीवनच्या मातीला येऊन रडला. म्हणाला, सगळ्यांना वाटलं, मदतीला बाकीचे गेले असतील. पाळ जीवनला घेऊनच गेली.

तुझी आई मला बोल लावत नाही. डफड्याचा आवाज आला की मात्र कानांवर हात ठेवते.

हे पत्र एवढ्यासाठी, तृप्ती, की पुढच्या महिन्यात तू त्या सभागृहात उभी राहशील आणि सांगशील, आमच्या गावी हाक गेली की सगळे येतात. तो दाखला भाषणातून गाळू नकोस. पुरा सांग. आणि त्यांना बजाव, की ज्याच्या पाठीशी उभं राहायचं नाही, त्याला आजच तोंडावर नाही म्हणा. टाळ्या वाजवू नका. माझ्या जीवनला कोणी एवढं सांगितलं असतं, तर तो पोतं टाकून घरी आला असता.

तुझाच,
बाबा