डाव्या टॅकलची आई आणि माझं कॅसरोल

मंगळवार, ६ जानेवारी
नव्या वर्षाचे संकल्प. एक, नवऱ्याच्या कामात तोंड घालायचं नाही. दोन, साखर कमी. तीन, रोज एक स्तोत्र पाठ.

कॉलेजच्या अध्यक्षांनी आज हॉलिसला बोलावलं होतं. म्हणाले, कोच, तुम्ही फार सज्जन आहात आणि तुमची फुटबॉलची टीम सारखी हरते. फेब्रुवारीत नवी मुलं कोणत्या कॉलेजकडून खेळणार त्याच्या सह्या करतील, तेव्हा आपली भरती दमदार दिसली तर पुढचा करार. नाहीतर उन्हाळ्याआधी घर रिकामं करायचं. घर कॉलेजचं आहे. पडदे माझे आहेत.

हे सांगून हॉलिस बुटांसकट पलंगावर आडवा झाला. मी काही बोलले नाही. यावरून परिस्थिती काय आहे ते कळावं.

गुरुवार, ८ जानेवारी
डेल जेवायला होता. डेल रॅकली हा हॉलिसचा मदतनीस कोच. बायको नाही, म्हणून आमच्याकडे जेवतो. एकच स्कॉलरशिप उरली आहे आणि ती कोणत्या जागेसाठी द्यायची यावर दोघांची जुंपली. डेलचं म्हणणं, क्वार्टरबॅक. आपल्या अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू हाताने फेकणारा तोच, पोस्टरवर तोच, त्याच्याशिवाय टीम म्हणजे स्टिअरिंग नसलेला ट्रक. हॉलिसचं म्हणणं, डावा टॅकल. त्याने टेबलावर मांडूनच दाखवलं. मीठदाणी म्हणजे क्वार्टरबॅक. तो उजव्या हाताने फेकायला वळला की डावीकडून अंगावर येणारा त्याला दिसत नाही. त्याला अडवते ती लोणच्याची बरणी, म्हणजे डावा टॅकल. "बरणी नसेल तर मीठ सांडलंच समज," असं त्याने डेलला बजावलं.

मी बरणी उचलून फ्रिजमध्ये ठेवली. लोणचं काय खेळायला असतं का?

मी मत देणार नव्हते. पण विषय निघालाच होता, म्हणून सांगितलं: किकर. गेल्या हंगामातले किती सामने आपण शेवटच्या लाथेपायी घालवले! चेंडू दोन खांबांच्या मधून जायला हवा, आमचा बाहेरून जायचा. शिवाय किकर खातो कमी. डेल खो खो हसला. आमच्याकडे लग्न झालेल्या बाईलाही आदराने मिस म्हणतात. "मिस व्हर्लीन, किकर म्हणजे कपडे न मळणारा खेळाडू." मी म्हटलं, तेच तर, धुणं वाचतं. हॉलिसने शांतपणे तोंड पुसलं आणि म्हणाला, "व्हर्लीन, संकल्प."

संकल्प त्याला वाचून दाखवायला नको होते.

रविवार, ११ जानेवारी
आज ब्रदर फेरिसनी प्रवचनाला बायबलातले दावीद आणि गल्याथ घेतले. पोरगेला दावीद, एक गोटा, एक नेम, राक्षस गल्याथ आडवा. देव याहून स्पष्ट बोलत नाही. त्यात गाणाऱ्यांच्या रांगेत अगदी माझ्यासमोर लॉयल पिट्स उभा होता, गावच्या शाळेचा किकर. चणीने किरकोळ, केस व्यवस्थित.

परतताना गाडीत हॉलिसला सगळं उलगडून सांगितलं. तो म्हणाला, गल्याथ त्याला मिळाला असता तर त्याने त्याला डावीकडे उभा केला असता.

प्रवचन एकच, पण ऐकणाऱ्याचे कान आपापले.

मंगळवार, १३ जानेवारी
हॉलिसला गल्याथ सापडला. शेजारच्या काउंटीतला ऑडी बॉयकिन. म्हणे दारातून तिरका होऊन आत येतो. आईजवळ राहायला मिळेल म्हणून त्याला आपलं कॉलेज आवडतं. एक मोठं कॉलेजही त्याच्या मागे आहे. त्यांच्या कोचचे बूट आरशासारखे चकाकतात. तरी हॉलिस आज कित्येक दिवसांनी पोटभर जेवला. मक्याच्या पावाने ताट पुसून खाल्लं आणि शिट्टी वाजवत उठला.

ते पाहून मी किकर सोडला. पत्नीने पतीच्या मताने चालावं असं शास्त्र सांगतं. मी आज दुपारपासून चालते आहे.

गुरुवार, १५ जानेवारी
वर्षात काही आठवडे असे असतात की कोचने भरती करायच्या खेळाडूच्या घरी पाऊल ठेवायचं नाही. सध्या तेच आठवडे आहेत. हॉलिस फोनसमोर बसून असतो, फोन मात्र वाजत नाही.

कोचच्या बायकोबद्दल नियमात काही नसावं. मी नियम वाचलेले नाहीत, पण असतं तर कानावर आलं असतं.

प्रार्थनामंडळाच्या बायकांकडून कळलं की ऑडीच्या आईच्या, मिस ऑर्नेटच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आजाऱ्याच्या घरी ओव्हनमध्ये भाजलेलं चिकन-भाताचं कॅसरोल भांड्यासकट नेणं ही काही भरती नाही. ही रीत आहे. माझ्या आईने तर वैऱ्यांच्या घरीसुद्धा नेलं होतं.

शनिवार, १७ जानेवारी
जाऊन आले. फुटबॉलचा शब्द काढायचा नाही असं ठरवलं होतं आणि काढला नाही. एवढंच म्हटलं की आईजवळ राहणारी मुलं वाया जात नाहीत, आपलं कॉलेज इथून रेडिओवरचं एक प्रवचन संपेपर्यंतच्या अंतरावर आहे, आणि तिथली डावी बाजू सध्या रिकामी आहे.

मिस ऑर्नेट म्हणाल्या, "देव तुमचं भलं करो, बाई. माझा गुडघा उजवा आहे."

ऑडीने अर्धं भांडं उभ्या उभ्या संपवलं. मिस ऑर्नेटनी विचारलं, कोचना ठाऊक आहे का तुम्ही आलात ते? मी म्हटलं, उजवा हात काय दान करतो ते डाव्याला कळू नये. त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. भारावल्या असाव्यात.

हॉलिसला सांगितलं नाही. एकदम आनंदाचा धक्का देऊ.

शनिवार, २४ जानेवारी
दुसरं कॅसरोल, या वेळी वर कुस्करलेली खारी बिस्किटं घालून. आधीचं भांडं आणायचं विसरले, पण त्याची चिंता नाही. माझ्या प्रत्येक भांड्याच्या बुडाला नावाची चिकटपट्टी असते. भांडी हरवणं हा आळशी बायकांचा उद्योग.

मिस ऑर्नेटनी दारातच सांगितलं, "अहो, कशाला पुन्हा? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, लोकांना आणखी एक करून देईन.

परतताना उमगलं. डेल चुकतो, हॉलिस चुकतो, मीसुद्धा थोडी चुकत होते. टीम उभी करताना सगळ्यात महत्त्वाची जागा आईची. मुलगा सही करतो, पण पेन आई देते. आणि आई मी मिळवली आहे. कोच इतकी वर्षं उगाच मुलांच्या मागे धावतात.

बुधवार, २८ जानेवारी
घात झाला.

घरी जायची बंदी उठली आणि पहिल्याच संध्याकाळी चकाकत्या बुटांचा कोच बॉयकिनांकडे पोचला. मिस ऑर्नेटना उभं राहवत नव्हतं. त्यांनी माझंच कॅसरोल गरम करून वाढलं. त्याने दुसऱ्यांदा मागून घेतलं, हे मला तीन ठिकाणांहून कळलं आहे. जेवण झाल्यावर तो कोट काढून भांडी घासायला उभा राहिला. आयांना जिंकायची या कोचलोकांची जुनीच तऱ्हा. घासता घासता भांडं उलटं केलं. बुडावर पट्टी: सौ. हॉलिस स्टकी, कृपया परत करा.

आज सकाळी भरतीवर नजर ठेवणाऱ्या नियमवाल्यांचा कॉलेजला फोन. बंदीच्या काळात कोचच्या घरचं माणूस खेळाडूच्या घरी, तेही खाऊ घेऊन! ऑडीला आता आपल्याकडे सही करता येणार नाही.

हॉलिसने विचारलं, तू गेली होतीस? मी म्हटलं, गुडघ्यासाठी. त्याने विचारलं, किती वेळा? मी म्हटलं, भांडी दोनच आहेत.

गुरुवार, २९ जानेवारी
हॉलिस बोलत नाही. मी समजावलं की नियमच पाखंडी आहे. आजाऱ्याला खाऊ घालू नये असा नियम करणारे न्यायाच्या दिवशी काय तोंड दाखवतील? तो अंगणात जाऊन उभा राहिला. पाऊस पडत होता. मी छत्री घेऊन गेले तर आणखी पुढे सरकला.

बुधवार, ४ फेब्रुवारी
सह्यांचा दिवस. ऑडीच्या शाळेत टेबलावर कॉलेजांच्या टोप्या मांडल्या होत्या; मुलगा ज्याची घालेल त्या कॉलेजात जाणार. आपली नव्हतीच. त्याने मोठ्या कॉलेजची घातली. डेलने रेडिओ बंद केला.

आता बाकी सगळी चांगली मुलं गेलेली. रिकामी राहिलेली स्कॉलरशिप शेवटी लॉयल पिट्सला दिली. किकर! मी गुडघे टेकून आभार मानले. मनुष्य आखतो आणि देव पार पाडतो. लॉयलच्या समारंभाला मी लिंबाचं सरबत केलं (साखर कमी). वर्तमानपत्रवाला आला नाही, पण लॉयलच्या आजीकडे कॅमेरा होता. टोपी त्याच्या कानांवर उतरत होती. मी हॉलिसला कोपरखळी मारून म्हटलं, बघ, दावीद. तो लॉयलशी हस्तांदोलन करत होता. हात हळूच धरला होता, मोडेल म्हणून.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी
अध्यक्षांनी विचारलं म्हणे, "कोच, एवढा महिना घालवून तुम्ही आणलेला माणूस आमच्या ग्रंथपालबाईंपेक्षाही चणीने लहान कसा?"

करार नाही.

मी तडक अध्यक्षांकडे निघाले होते. दोष माझा असला तर तोंडावर सांगायची माझी तयारी असते. फाटकात डेल भेटला. त्याने अडवलं. म्हणाला, "मिस व्हर्लीन, आता जाऊ नका. कोचने नियमवाल्यांना लिहून दिलंय की तुम्हाला त्यानेच पाठवलं होतं." मी म्हटलं, हे धादांत खोटं आहे, त्याला तर पत्ताच नव्हता! डेल म्हणाला, "तेच तर. चौकशीला तुम्हाला बोलावणार होते."

हॉलिस स्टकी जन्मात खोटं बोललेला नाही. मासा केवढा होता हेसुद्धा खरं सांगतो.

घरी आले. तो पडदे काढत होता. याआधी कधी त्याने पडद्याला हात लावला नव्हता. मी शिडी धरली.

मंगळवार, २४ फेब्रुवारी
काम मिळालं. पलीकडच्या राज्यात एका छोट्या शाळेत, मुख्य कोच नाही, मदतनीस. शिवाय मुलांना गाडी चालवायला शिकवायची. घर शाळेचंच, चर्च समोर.

मी म्हटलं, तुला माझा आधार लागेलच. त्यांच्या टीममध्ये कोणती जागा रिकामी आहे ते सांग, प्रवासात विचार करून ठेवते. तो सामानाला दोरी बांधत होता. गाठ पक्की झाल्यावर म्हणाला, ते त्याने विचारलं नाही. मी म्हटलं, मग एवढा वेळ मुलाखतीत काय विचारलंस?

म्हणाला, एकच गोष्ट विचारली. तिथल्या कोचच्या बायकोला काही काम असतं का. नसतं, हे त्यांच्याकडून लिहून घेतलं आणि मग हो म्हणाला.