शनिवारचं बसभाडं

३ जुलै

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

अप्पांच्या डोळ्यांचं ऑपरेशन नीट पार पडलं. पट्टी आहे, त्यामुळे दुकान माझ्या गळ्यात. वजनकाटे दुरुस्त करणं जमतं, पण जमाखर्च म्हणजे डोक्याला ताप. लग्नाआधी या वह्या तूच सांभाळायचीस, म्हणून गुपचूप तुलाच विचारतोय.

किरकोळ खर्चाची पेटी मिस्त्रीकाकांकडे असायची. त्यांच्या वहीत दर शनिवारी ‘बसभाडं, २८’. चहा, सुतळी, तेल, सगळ्यांच्या चिठ्ठ्या आहेत; याची एकही नाही. शनिवारी गिऱ्हाइकाकडे कोणी जातच नाही. आणि मी पेटी ताब्यात घेतल्यापासून दोन शनिवार ही नोंदच बंद! काकांना विचारलं तर म्हणाले, अप्पांना विचार. नजर मात्र चुकवली. डॉक्टरांनी अप्पांना त्रास देऊ नका असं बजावलंय. जीव थाऱ्यावर नाही. या महिनाअखेरीस काकांना कामावरून कमी करावं म्हणतो.

उत्तर लगेच धाड. लोभ असू दे, रागावणं तेवढं कमी.

तुझा धाकटा भाऊ

६ जुलै

चि. उतावळेबुवांस अनेक आशीर्वाद.

अरे, ज्यांनी तुला कडेवर खेळवलं त्यांना अठ्ठावीस रुपयांसाठी घालवणार? जरा दम धर. पेटीची वही म्हणजे अर्धीच हकीकत. महिनाअखेरीला अप्पा स्वतःच्या हातानं मोठ्या रोजकीर्दीत नोंदी करतात आणि प्रत्येक नोंदीखाली कारण लिहितातच. कारण राहिलं म्हणून त्यांनी मला दोनदा अख्खं पान पुन्हा लिहायला लावलं होतं. ती वही काढ, मगच तोंड उघड.

मला मात्र तो आकडा चैन पडू देत नाही. दुकानापासून माझ्या घरापर्यंत बसला चौदा रुपये पडतात. जाऊन-येऊन किती, ते तूच कर. पण माझ्या लग्नाला नऊ वर्षं झाली, तेव्हापासून अप्पांनी माझं नाव टाकलंय, माझी पत्रं न उघडता परत आली. तेव्हा उगाच आशा कशाला करू? वाईट वाटतं, इतकंच.

बाकी माझी लेक रुसली आहे. शनिवारी मी कामावर असते, शेजारीणबाई तिला समोरच्या बागेत नेतात. तिथे तिचा झोका ढकलणारे कोणी आजोबा सध्या येत नाहीत म्हणे.

माया आहेच, तुझी अक्कल तेवढी वाढो.

ताई

९ जुलै

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

मी गाढव आहे. रोजकीर्द काढली. दर महिन्याच्या शेवटच्या पानावर एकच नोंद: बसभाडं दुकानाच्या खर्चातून वजा, अप्पांच्या नावे उचल, म्हणजे त्यांच्याच खिशातून. खालचं कारण जसंच्या तसं उतरवतो. ‘नातीस पाहून आलो. धंद्याचा खर्च नव्हे.’ मे महिन्यापासून मागे मागे गेलो, एकही महिना सुटलेला नाही. ती जन्मायच्या आधीच्या पानांवर लिहिलंय, ‘लेकीच्या दारापर्यंत गेलो. बेल वाजवली नाही.’

काकांना अप्पांनी शपथ घातली होती. मी त्यांचे पाय धरले, तर ते मलाच चहा पाजून गेले. शुक्रवारी पट्टी निघते आणि शनिवारी बाहेर पडायचंच म्हणून अप्पा हट्टाला पेटलेत. अडवू की जाऊ देऊ? लवकर कळव.

कृपा असावी, या गाढवावरसुद्धा.

धाकटा

११ जुलै

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी भयंकर राग आला, मग रडले. नऊ वर्षं दारापर्यंत येऊन परत जायचं म्हणजे काय!

अप्पांना अडवू नकोस. काकांनी त्यांना बसमध्ये बसवून द्यावं, एवढंच. मी शनिवारची रजा टाकली आहे, बागेतल्या बाकावर मीच बसणार. मला पाहून ते माघारी वळले तर, या विचारानं कामात लक्ष लागत नाही. पण वळू देणार नाही, हात धरूनच घरी नेईन.

वहीत या शनिवारी चौदाच लिही. परतीचं भाडं लागणार नाही.

तुझी ताई