परीक्षेच्या दिवशी सगळी मुले हजर असावीत

मी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, निवृत्त मुख्याध्यापिका, तीन पिढ्यांना ‘मोठ्या बाई’ म्हणून माहीत असलेली, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी काल खात्री करून घेण्यासाठी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी न अडखळता दोनपर्यंत आले आणि मधे ते स्वतः चुकले तिथे त्यांना थांबवले. दाखला सोबत जोडला आहे.

१. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी भाच्यावर रागावून लिहिले होते. राग गेला, भाचा तसाच आहे. त्याला पुस्तकांचे कपाट द्यावे, निदान धूळ तरी झटकेल.

२. वेताची खुर्ची निवृत्त तपासनीस साहेबांना द्यावी. याच खुर्चीत बसून त्यांनी अकरा मिनिटांत आमच्या शाळेला ‘क’ श्रेणी दिली होती. खुर्चीचा एक पाय आखूड आहे, हे त्यांना आठवत असेलच.

३. आता एक कबुली. शाळेच्या फाटकावर जी ‘अ श्रेणी’ची पाटी आहे, ती खोटी आहे आणि ती मी लावली आहे.

त्या काळी नियम असा होता, आणि आजही आहे, की सलग तीन वर्षे ‘क’ आला की शाळा बंद. आमचे दोन झाले होते. श्रेणी परीक्षेतल्या गुणांच्या सरासरीवर ठरे; सरासरी मात्र फक्त हजर मुलांची काढत. पाचवीतल्या नऊ मुलांना धड वाचता येत नव्हते. परीक्षेच्या आदल्या दिवशी मी नऊ घरांत जाऊन सांगून आले, “उद्या पोराला ताप आहे असं कळवा.”

इस्त्रीवालीने हातातली इस्त्री बाजूला ठेवून विचारले, “बाई, माझी पोर तर ठणठणीत आहे. आजारी कोण आहे नक्की?”

“शाळा,” मी म्हणाले. तेव्हा मला हे उत्तर फार हुशारीचे वाटले होते.

नऊ मुलांना एकाच सकाळी ताप आला, तरी ना शिक्षण कार्यालयाने विचारले, ना आरोग्य खाते धावत आले. श्रेणी ‘अ’ लागली. सगळ्यांना पेढ्यासारखी बातमी वाटत मी फिरत होते. त्याआधी, परीक्षेच्या दुसऱ्याच दिवशी, इस्त्रीवालीची मुलगी माझ्या टेबलाशी आली होती. “बाई, काल मला किती मिळाले?” तिला वाटले होते, घरी राहायचे हीसुद्धा परीक्षाच होती. मी तिला जागेवर बसायला सांगितले. मला त्याची आजही लाज वाटते, आणि ती वाटायलाच हवी.

४. आज त्या शाळेची मुख्याध्यापिका माझी एकवीस वर्षांनी धाकटी बहीण आहे. पुन्हा दोन ‘क’ झाले आहेत आणि परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. गेल्या रविवारी ती आली आणि चपला काढता काढताच म्हणाली, “ताई, अकरा जण आहेत. तू तेव्हा कसं जमवलं होतंस, सांग ना.”

“तुला कुणी सांगितलं?”

“सगळ्या गल्लीला माहीत आहे गं. फक्त कार्यालयाला माहीत नाही.”

“मग यंदा तसं करायचं नाही.”

“आणि शाळा बंद पडली तर? एकशे चाळीस मुलं कुठे बसवू? तुझ्या डोक्यावर?”

प्रश्न रास्त होता. उत्तर पुढच्या कलमात आहे.

५. माझे राहते घर, तीन खोल्या, ओसरी आणि अंगण, मी बहिणीला देते. अट एकच : परीक्षेला सगळी मुले बसवावीत. डॉक्टरांच्या खऱ्या दाखल्याशिवाय एक जरी गैरहजर दिसले, तर घर वर लिहिलेल्या तपासनीस साहेबांना जाईल. त्यांना ते नक्की आवडेल.

सगळे हजर राहूनही शाळा बंद केली, तर शाळा या घरात दोन पाळ्यांत भरावी. लहानांनी ओसरीवर बसावे. पाचवीने स्वयंपाकघरात, कारण तिथे उजेड चांगला आहे. वकील म्हणतात, मृत्युपत्र मेल्यावर लागू होते. परीक्षेसाठी तेवढी घाई करण्याचा माझा विचार नाही. तेव्हा हे कलम आजपासूनच लागू समजावे. मला मागच्या खोलीत एक खाट पुरे. त्या अकरा जणांना उद्या दुपारपासून वाचायला माझ्याकडे पाठवावे.

६. (नंतर जोडलेले.) बहिणीला घर मिळणार असल्याने तिला साक्षीदार होता येत नाही, पण वाचायला दिले. तिने शेवटपर्यंत वाचले. मग म्हणाली, “ताई, अकरा नाहीत, बारा आहेत. मी माझ्या नातीला मोजलं नव्हतं.”

सबब, वर जिथे मुले अकरा लिहिली आहेत तिथे बारा वाचावे. दुरुस्तीवर माझी सही आहे.

साक्षीदार : १. डॉक्टर (वजाबाकी तपासून) सही
२. शेजारचे घड्याळजी, सही

लिहून ठेवणार : मोठ्या बाई, सही
ठिकाण : पाचवीचा नवा वर्ग, सध्या स्वयंपाकघर
दिनांक : परीक्षेला अठ्ठावीस दिवस असताना