न वाळणारा दगड

२ फेब्रुवारी
नागपूर सोडून नव्या मुंबईत रुजू झालो. नेरूळला सातव्या मजल्यावर फ्लॅट, खिडकीतून खाडी दिसते. सोसायटीच्या चेअरमनने लिफ्टमध्येच सगळे नियम ऐकवले. मजला आला तेव्हा ते पार्किंगपर्यंत पोचले होते. भूसर्वेक्षण कार्यालयात मला कोअर शेड मिळालं. कोअर म्हणजे जमिनीत ड्रिल घालून काढलेले दगडाचे गोल दांडे. लांबट पेट्यांत, रॅकवर ओळीने निजवलेले. सरकारी खात्यात इतकं निवांत पडून राहायचा मान आमच्याखालोखाल त्यांचाच. साहेब म्हणजे शर्मिला मॅडम, माझ्याहून बऱ्याच लहान, पण चहा कडक पाजतात.

४ फेब्रुवारी
दगड ओला केला की त्याचे कण नीट दिसतात. इथे त्यासाठी न्हाव्याकडे असते तशी फवाऱ्याची बाटली आहे. मी उभी नोकरी दगड चाटण्यात घालवली. मॅडम म्हणाल्या, बाकीचे चाटा हवे तर, पण खाडीकाठच्या बोअरचे नको. आधीच्या सरोजिनीबाई चाटायच्या, आता त्या कुणाशी बोलत नाहीत. मी म्हटलं, आपल्या खात्यात तसंही कोण कुणाशी बोलतं. आणि त्यांच्यादेखत खाडीकाठचाच तुकडा उचलून चाटला. खारट. जरासा कोमट.

५ फेब्रुवारी
चाटलेली जागा अजून ओली आहे. बाकीचा दगड कोरडा ठणठणीत. मिसळ बेचव लागली. नागपूरकराला इथे तसंच व्हायचं, म्हणून सोडून दिलं.
संध्याकाळी जाईचा फोन. लेक पुण्याला भूशास्त्र शिकते. दगड चाटायला तिला मीच शिकवलं, चौथीत असताना. तिच्या आईने तेव्हा दोघांशी अबोला धरला होता. जाई म्हणाली, बाबा, तू बोबडा का बोलतोयस, घेतलीस का?

८ फेब्रुवारी
जीभ जड झालीय. आरशात पाहिली. करडी, कणीदार. दातांच्या डॉक्टरांनी चिमट्याने वाजवून पाहिली. आवाज आम्ही दोघांनीही ऐकला. त्यांनी फी घेतली नाही. डॉक्टर फी घेत नाही तेव्हा माणसाने घाबरावं.

१० फेब्रुवारी
वाचा गेली. कागदावर लिहून रजा मागितली. मॅडम हसल्या, म्हणाल्या, नाटकं पुरे, दुपारभर शेडमध्ये नागपूरचे किस्से रंगवत होतात, हसून पोट दुखलं आमचं.
दुपारभर मी दवाखान्यात होतो.
शेडमध्ये जाऊन पेटी उघडली. ओली जागा मऊ झालीय. गुलाबी. हलत होती. हातोडा मारला — कळ माझ्या तोंडात आली. रक्त. झाकण लावलं तर आतून माझाच आवाज, लाडात — विचारत होता, जाई कधी येणार.

११ फेब्रुवारी
जाईला मेसेज केला, येऊ नकोस. चुकलंच. तिने लिहिलं, फोन उचलत नाहीस, वर येऊ नको म्हणतोस, म्हणजे काहीतरी लपवतोयस. उद्याच येते. थांब म्हणून किती लिहिलं — ऐकत नाही. माझ्यावर गेलीय.

१२ फेब्रुवारी
वाशीला बसथांब्यावर थांबलो होतो. ती आधीच्या गाडीने येऊन थेट ऑफिसात —
मॅडमचा मेसेज आला. तुम्ही शेडमधून हाक मारलीत, म्हणून लेकीला आत पाठवलं. मी मीटिंगला निघते.

धावत आलो. शेडच्या दाराला आतून कडी. आवारात कुणी नाही. तिची पिशवी बाहेर बाकावर, फोन त्यातच.
दार बडवतोय. तोंडातून नुसती घरघर —
आत ती हसतेय. म्हणते, बाबा, रॅकमागून बाहेर ये ना, कोण दार वाजवतंय बघ.
माझा आवाज म्हणतो, वाजवू दे गं. वॉचमन आहे. मुका आहे बिचारा.
मग म्हणतो, ती पेटी उघड. बाटली राहू दे. आपल्या पद्धतीने बघ —

हे पान फाडून दाराखालून सरकवतो. जाई, बाहेर मी आहे. आत बाबा नाही. दगडाला जीभ लावू न—
हसणं थांबलं.
माझा आवाज. शाब्बास म्ह